पडद्यावरचा होकार

प्रिय धाकटे मालक,

काल आपल्या मूकपटाचा शेवटचा प्रसंग झाला. त्यात शेठजींचा मुलगा झालेले तुम्ही मोलकरीण झालेल्या मला मागणी घालता आणि मी लाजून होकार देते. कॅमेरा चालू असतानाच तुम्ही हळूच विचारलंत, "वेगळी खोली घेऊन देतो. माझ्या आईला कळू द्यायचं नाही. येशील?"

मी हसऱ्या चेहऱ्यानेच म्हटलं, "चोरून नाही येणार. माझी आई तुमच्या कंपनीचे कपडे धुते, हे सांगून घरी न्याल तर येईन."

तुम्ही मान खाली घातलीत. दिग्दर्शक म्हणाले, "छान!"

आता पडद्यावर तिथे माझे शब्द म्हणून 'मी तुमचीच' अशी पाटी येईल आणि लोक टाळ्या वाजवतील. वाजवू देत. घरी येऊन मी पोटभर रडले. आज दुसऱ्या कंपनीत काम मागायला निघाले आहे. हे पत्र पाठवत नाही, उत्तर तोंडावर दिलंच आहे.

पडद्यापुरती तुमची,
नायिका