केसांवर घासलेला अंगठा

अमरावती, मंगळवार, नोव्हेंबर २०१७. संध्याकाळ.

चूक माझीच. आणि वर्गात संगणक सुरक्षा शिकवते मी!

गेल्या आठवड्यात अकोल्याजवळच्या सेवा केंद्रात नेटचा वेग मोजायला गेले होते. तिथे आधारवर पैसे काढायला आलेल्या बायकांचे अंगठे कापूस वेचून झिजलेले, यंत्र ठसा घेईना. केंद्र चालवणारी शबाना ओरडायची, “मावशी, केसावर घासा, तेल लागू द्या!” मग लागायचा. मोजणी नीट व्हावी म्हणून मीच पुन्हा पुन्हा लावायला सांगितला.

आज कळलं, तिथलं यंत्र ठसे सांकेतिक न करता नेटवरून उघडेच पाठवतं. वेग मोजताना घेतलेल्या माझ्या नोंदींत ते जसेच्या तसे उतरलेत. आणि त्या नोंदींची फाइल न तपासता मी दुपारी विद्यार्थ्यांना सरावासाठी दिली! सगळ्यांकडून परत घेतली, पण एकाचा पेनड्राइव्ह इथे राजापेठेत कुठेतरी पडला म्हणे. ज्याला मिळेल तो त्या बायकांच्या नावाने काय काय करेल? पासवर्ड बदलता येतो. अंगठा कसा बदलायचा?

शबानाला फोन केला. म्हटलं, उद्या पहिल्या गाडीने येते, बायकांना बोलावून ठेव. कशासाठी, ते फोनवर सांगितलं नाही.

“या ना मॅडम! तुमी असल्या की अंगठा लवकर लागते मनतात बाया. घरूनच तेल लावून याले सांगतो सगळ्याइले.”

नको, असं म्हणायचं होतं. ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला.