उणे पंचाहत्तर

धारूर,
६ जुलै २०२५

अक्का, शरणार्थ.

इकडं सगळे बरे आहेत. दाजींचा गुडघा आता कसा आहे? उदगीरच्या नव्या डॉक्टरकडं दाखवणार होतात, त्याचं पुढं काय झालं ते तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही, हे आधीच कबूल करतो, म्हणजे तुझी एक टोमणा मारायची मेहनत वाचली.

फोन असताना पत्र कावून, असं तुला वाटेल. फोनवर तू लई गोड बोलतेस. "जेवलास का, शिवांजली कशी हाय, बरं ठेवते." अप्पा गेल्यापासून तीन वर्षं तू माझ्याशी एवढंच बोलतेस. जिनं मला जन्मभर 'ए बैला' म्हणून हाक मारली, ती बहीण एकाएकी 'केदारनाथ' म्हणायला लागली की मला घाम फुटतो. पत्र तुला मधेच ठेवता येणार नाही. फाडता येईल, पण कागद वाचल्याशिवाय फाडणारी तू नाहीस.

बातमी अशी, की तुझा भाऊ राजा झाला आहे.

शिवांजली पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप दुकानात ठेवून गेली. "पप्पा, बिलं यावर करत जा." बिलं मी अजून वहीतच करतो. मग सुट्टीला आली तेव्हा तिनं त्यात एक खेळ घालून दिला. म्हणाली, "दुपारचं गिऱ्हाईक नसतं, तुमी खिळ्याच्या पोत्याला टेकून घोरता. त्यापेक्षा राज्य करा."

जुन्या काळातल्या राजघराण्यांचा खेळ आहे. मला वाटलं तलवारी असतील, हत्ती असतील. आहेत, पण नावाला. सगळा वेळ सोयरिकी जुळवण्यात, रुसलेल्या चुलत्यांची समजूत काढण्यात आणि आपल्या मागं कुणाला काय मिळणार या घोरात जातो. राजा म्हातारा होतो, मरतो, त्याचा वारस गादीवर बसतो, आणि मग आपण तो वारस होऊन पुढं खेळायचं. वारस नसला की खेळ खलास. आपल्या जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांना हा शिकवावा लागणार नाही. माझा पुतण्या रुसून शेजारच्या राजाला जाऊन मिळाला तेव्हा मी नकाशावर त्याच्या स्वागताचा बॅनर शोधत होतो.

त्या नकाशावर आपला बालाघाट दिसतो, दोन नखांएवढा. तिथला एक लहानसा राजा मी घेतला आणि त्याला अप्पांचंच नाव दिलं, धोंडप्पा. त्याला पहिली मुलगी झाली. नाव लिहायला चौकट आली, मी फारसा विचार न करता कावेरी लिहिलं. दोन वर्षांनी मुलगा झाला. त्याचं नाव काय ठेवलं ते सांगायला नको.

आता ऐक. मुलं मोठी झाली की त्यांचे गुण खेळच ठरवतो, त्यात आपला हात नसतो. राजकन्या कावेरी: कष्टाळू, न्यायी, कारभारात वीसपैकी अठरा. राजपुत्र केदार: आळशी, भित्रा, कारभारात पाच. मी शिवांजलीला फोन लावून विचारलं, हे यंत्र आपल्या घरच्यांना ओळखतं का? ती म्हणाली, "न्हाई पप्पा, फासे टाकल्यावानी असतंय ते." असेल. पण मला तू दिसलीस. दहावीत होतीस. डोळे मिटून, खिळा नुसता चिमटीत धरून सांगायचीस, हा दीड इंची, हा दोन इंची. मी पेट्या चुकीच्या खणात ठेवायचो आणि अप्पा यायच्या आत तू त्या बदलायचीस. अप्पा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "कावेरी पोरगा असती तर..." पुढचं वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही. तू तिथंच तराजू पुसत असायचीस.

खेळातल्या राज्याचा कायदा असा, की मुलगा असला तर मुलीला गादी नाही. तो बदलता येतो. पण बदलायचा तर सगळ्या सरदारांची नाराजी घ्यावी लागते, आणि राजा धोंडप्पांचं वय झालं होतं. मी राहू दिलं.

पंचमीला येणार का? सहज विचारतो.

तुझा भाऊ
केदार


धारूर,
१६ जुलै २०२५

अक्का, शरणार्थ.

पत्र पोचलं असणार. पोस्टातला माणूस म्हणतो, उदगीरला चार दिवस पुरे होतात. तुझं उत्तर नाही, म्हणून राज्याची हकिगत पुढं सांगतो.

राजा धोंडप्पा गेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्रास न होता. केदार गादीवर बसला आणि आठवडाभरात सरदारांची कुजबूज सुरू झाली, कारण राजकन्या कावेरीचा हक्क शाबूत होता. ती तेव्हा पूर्वेकडच्या एका घराण्यात दिलेली, सुखात होती. तिनं सैन्य जमवलं नव्हतं की निरोप पाठवला नव्हता. पण तिच्या नावापुढं हक्काची बारीक खूण दिसायची, आणि ती खूण बघून राजा केदारला जेवण जाईना.

अशा वेळेसाठी तिथं एक बटण आहे: 'हक्क सोडायला सांगा.' मी दाबलं. वाटलं होतं, अटी घालेल, भांडेल. ती लगेच हो म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं की त्या आनंदात मी राज्यात एक विहीर खोदून दिली.

मग तिच्या नावावर बाण नेला. कुणाच्या मनात आपल्याबद्दल काय आहे ते हा खेळ आकड्यांत दाखवतो, कारणांसकट. तिथं लिहिलं होतं: सख्खा भाऊ, अधिक तीस. आहेर पाठवला, अधिक दहा. हक्क सोडायला लावला, उणे पंचाहत्तर.

खेळात बाकीचे राग उतरतात, अक्का. सोयरीक मोडली तर पाच वर्षांत, लढाईत माणूस मारला तर दहा वर्षांत. प्रत्येक रागाच्या पुढं त्याची मुदत लिहिलेली असते. याच्यापुढं काही नव्हतं. शिवांजलीला विचारलं.

"त्याला मुदत न्हाई पप्पा. ती जित्ती हाय तोवर ते राहतंय. कावून, काय झालं?"

मी म्हणालो, गिऱ्हाईक आलंय, आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी मेजवान्या दिल्या. दरवर्षी तिला बोलावणं. दरवर्षी उत्तर, येणं जमत नाही. एक वावगा शब्द नाही.

आपल्या घरीही तीन पंचम्या झाल्या. पहिल्या वर्षी दाजींना ताप होता, दुसऱ्या वर्षी तुझ्याकडं पाहुणे होते, गेल्या वर्षी तू कारण दिलं नाहीस आणि मी विचारलं नाही. गल्लीतल्या साऱ्या लेकी येतात, लिंबाला झोका बांधतात. तुझी भावजय दिंडं जास्तीचीच करते. उरलेली मी दुपारी दुकानात खातो. ऊन उतरलं की झोक्यावरच्या बायांचं हसणं दुकानापर्यंत येतं. त्यात तुझं नसतं. तुझं हसणं लांबून ओळखू यायचं, भांडण लागल्यासारखं.

परवा तुझ्या भावजयीनं कपाट आवरायला काढलं. रजयांच्या खाली मोरपंखी साडी निघाली, दुकानाच्या कागदातच गुंडाळलेली. मी म्हणालो, अक्का विसरून गेली वाटतं. ती म्हणाली, "अक्का आजवर काय इसरल्यात, येक तरी सांगा."

ती साडी कशाची आहे ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. आज तेच लिहायला बसलो होतो. पण गिऱ्हाईक आलंय.

केदार


धारूर,
२२ जुलै २०२५

अक्का,

काल दुपारी राजकन्या कावेरी वारली. एकसष्ट वर्षांची होती, साधं दुखणं. मी तेव्हा किल्ल्याचा बुरूज वाढवत होतो. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक बातम्या येत-जात असतात, अमक्या गावी धान्य कमी पडलं, अमका सरदार कैदेत गेला. त्यांच्यात तिची ओळ येऊन गेली असणार. मला कळलं तेव्हा खेळातली तीन वर्षं उलटली होती. मेजवानीची यादी करताना तिचं नाव सापडेना, म्हणून शोधलं.

खेळ मागं नेता येतो. चालता चालता तो मधेमधे स्वतःला जपून ठेवतो. शिवांजली फोनवर हसली, "पप्पा, ही चीटिंग हाय." म्हटलं, असू दे. जपून ठेवलेलं सगळं उघडून बघितलं. सगळ्यांत जुनं निघालं ते बटण दाबल्यानंतरच्या महिन्यातलं. त्याच्या आधीचं काहीच नाही. ती तिथं जिवंत होती, पण उणे पंचाहत्तरसकट.

मी शटर अर्धं खाली ओढून बसलो. आता लिहितो ते कुणालाही सांगितलेलं नाही, तुझ्या भावजयीलाही नाही.

तीन वर्षांमागं, अप्पा गेल्यावर, रजिस्ट्री ऑफिसला जाताना गाडीत मी तुला म्हणालो, "वारस नोंदीचा कागद हाय अक्का, नुसती सही लागती." ते हक्कसोडपत्र होतं. शेत आणि दुकान, दोन्हींतून तुझं नाव जायचं होतं. सगळ्याच बहिणी सोडतात. त्या दिवशी आणखी दोघीजणी सोडायला आल्या होत्या, त्यांच्या भावांच्या हातातही साडीच्या पिशव्या होत्या. मी सरळ विचारलं असतं तर तूही सोडलं असतंस, याची मला खात्री आहे. तरी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुला नाही म्हणता आलं असतं.

मला वाटलं, तू वाचणार नाहीस. एवढी वर्षं तुझ्यासोबत राहून मी हे समजून चाललो. तू चष्मा काढलास, पदरानं पुसलास, लावलास, आणि चारही पानं वाचलीस. बंकट वकील घड्याळ बघत होता. मग तू माझ्याकडं बघितलंस आणि विचारलंस, "हितंच करायची ना सही, केदारनाथ?"

मी बोट ठेवून जागा दाखवली.

बाहेर तुला जिलेबी खाऊ घातली, साडी दिली. तू दोन्ही घेतलंस. पुढं वर्षभर मी गावाला सांगत फिरलो, आमच्या अक्कानं हसत हसत सोडलं. तू हसली नव्हतीस. हे त्या ऑफिसात फक्त मलाच कळण्यासारखं होतं.

आज बंकट वकिलाकडं गेलो. म्हटलं, ते हक्कसोडपत्र रद्द करायचंय.

"अक्कांनी मागितलं का?"

"न्हाई."

"नोटीस आली?"

"न्हाई."

"मग कावून खाजवायलंय तुमाला, केदारशेठ? त्यांना कोर्टात जायचं तर तीन वर्षांची मुदत. ती बी गेल्या महिन्यात सरली. सुटलात तुमी. चहा घ्या."

ही तारीख मला माहीत नव्हती, अक्का. सरायची वाट बघून मी लिहायला बसलो असं तुला वाटेल, आणि वाटू नये असं मी काही केलेलं नाही. चहा मात्र घेतला नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं.

झालेला कागद मला एकट्याला पुसता येत नाही. पण माझ्या नावावरचं मी तुला बक्षीसपत्रानं देऊ शकतो. ३० तारखेची वेळ घेतली आहे, पंचमीच्या दुसऱ्या दिवशी. बंकटला मसुद्यात एक ओळ मोकळी ठेवायला सांगितलंय. शेत, दुकान, की दोन्हींतलं निम्मं, ते तू भर. दुकान म्हणालीस तर मी तुझ्या हाताखाली नोकरी करीन, आणि आधीच सांगतो, नोकर म्हणून मी कामाचा नाही. काहीच नको म्हणालीस तरी ऐकीन. पण ते फोनवर नको, गोड बोलून नको. इथं ओट्यावर उभी राहा, चार बाया जमू देत, आणि माझी सालटी काढून मग नको म्हण.

आकडा खाली येईल असं मी धरून चाललेलो नाही. तो राहू दे. तेवढ्यासकट ये.

पाकिटावर या खेपेला तुझं नाव वेगळं घातलंय. त्या हक्कसोडपत्रात तू 'कावेरीबाई भ्रतार शिवलिंग' होतीस; बापाच्या शेतावरचा हक्क सोडायलाही नवऱ्याचंच नाव लागलं. मी 'कावेरी धोंडप्पा शेटे' लिहिलंय आणि खाली दाजींच्या घराचा पत्ता. पोस्टमन दारात अडखळेल, या नावाचं हितं कुणी राहत नाही म्हणेल आणि पाकीट परत न्यायला निघेल.

त्याला थांबव. नाव माझंच हाय म्हण.

वाट बघतोय.

केदार