पोटात घ्यायचं

३ जानेवारी
आज आयुष्य बदललं. क्षण नोंदवून ठेवतो: औषधाच्या दुकानात खोकल्याची बाटली पुढे सरकवताना ती म्हणाली, पोटात घ्यायचं. मग माझ्याकडे नीट बघून पुन्हा म्हणाली, पोटात घ्यायचं. दोनदा! आमच्या घरात माझ्याशी कुणी एकदासुद्धा धड बोलत नाही.
बाटली आईसाठी होती. उद्यापासून खोकला मला.

९ जानेवारी
चौथी बाटली. दर वेळी दोनदा. मागे खुर्चीवर तिचे आजोबा बसतात. पूर्वी दुकान तेच चालवायचे, आता त्यांना काही आठवत नाही. मला बघून रोज नव्यानं हसतात. म्हणजे घरच्यांची पसंती आहे.

१२ जानेवारी, रविवार
ती दफनभूमीत दिसली! युद्धाच्या वेळी इथल्या तळावर असताना मेलेल्या एका परदेशी वैमानिकाच्या थडग्यावरचं गवत उपटत होती. दगडावर लिहिलंय, वय बावीस. माझंच वय. तिला शूर माणसं आवडतात हे उघड आहे. तो कसा मेला ते शोधून काढून तिला भेट द्यायचं. विमान पेटलं असणार. शाळा वाचवायला त्यानं ते नदीकडे वळवलं असणार. बाकी तपशील संशोधनात.
संकल्प: राग सोडणे. रागापायी कॉलेज अर्ध्यात सुटलं. (सरांना डस्टर मारला नव्हता. फेकला होता.)

१५ जानेवारी
तिला सांगितलं. चेहराच उतरला तिचा. म्हणाली, राहू द्या ना, कशाला उकरून काढताय? किती काळजी माझी!
बाबा म्हणाले, कॉलेज सोडलंस, नोकरी सोडलीस, आता त्या मेलेल्याला तरी सोड.

२१ जानेवारी
दवाखान्यातल्या रिटायर्ड नर्सबाई भेटल्या. म्हणाल्या, कसलं विमान नि कसलं काय! साधा खोकला झाला होता पोराला. दुकानातून बाटली नेली, ती निघाली मालिशच्या औषधाची. बाटल्या दिसायला सारख्याच. बाहेरून लावायचं ते पोटात गेलं. देणारे तिचे आजोबा, तेव्हा ऐन पंचविशीत. तेव्हापासून त्या घरात प्रत्येक औषध दोनदा बोलून देतात. अगदी कुत्र्याचंसुद्धा.
कुत्र्याचंसुद्धा.
जेवलो नाही. (नंतर जेवलो.)

२२ जानेवारी
शांतपणे विचार केला. झालं ते उत्तमच. गुपित माझ्या मुठीत. मी गप्प राहणार, ती उपकार मानणार, उपकारातून प्रेम. बदल्यात फक्त एक चहा मागायचा. याला ब्लॅकमेल म्हणत नाहीत.

२३ जानेवारी
सगळं ऐकून घेतलं तिनं. म्हणाली, आम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर थडगं साफ करतो. आजोबा आयुष्यभर धड झोपले नाहीत. दोन वर्षं झाली, आता विसरलेत. म्हातारपणानं तेवढं एकच भलं केलं त्यांचं. हळू बोला. आणि चहा नको.
हळू बोला! मला! मी हळूच बोलत होतो, पण आवाज मोठा निघाला. ‘खुनी घराणं’ असं काहीतरी निघालं. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. आजोबा खुर्चीतून उठले. म्हणाले, कोण मेलं गं? माझ्या बाटलीनं?
संकल्प: राग सोडणे.

२ फेब्रुवारी
ताप. खोकलाही, या वेळी खरा. आई म्हणाली, पाय आहेत तुला, जाऊन आण.
नर्सबाई सांगत होत्या, म्हातारा हल्ली गिऱ्हाइकांचे हात धरून बाटल्या परत मागतो. वाटलं, बायका तिखटमीठ लावतात. पण खरंच होतं. दुकानात तिनं माझ्यापुढे बाटली ठेवली, एक शब्द न बोलता. एकदाही नाही. तेवढ्यात आजोबांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, तू तोच ना रे, विमानवाला? बरा झालास ना?
तिनं माझ्याकडे बघितलं. हो म्हण, म्हणाली. हो म्हण ना. पहिल्यांदाच एकेरीवर आली! पहिल्यांदाच तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं.
पण संशोधकाला खोटं बोलता येत नाही. शिवाय चहाला ती नाही म्हणाली होती. मी म्हणालो, तो मी नाही. तो मेला.
आजोबांना ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा म्हणालो.
बाटली उचलून बाहेर पडलो. त्यांना वारा लागू नये म्हणून दार नीट ओढून घेतलं.