आजोबांची पुस्तिका आणि तुझं फर्मवेअर

केटा, सोमवार

चि. सेलासी यास,

आशीर्वाद. (किती, ते पत्र संपल्यावर ठरवू.) तू कसा आहेस, तुझी खोली कशी आहे, खोलीतला हीटर कसा आहे, शेजारी कसे आहेत, शेजाऱ्यांचं कुत्रं कसं आहे? आपल्या रीतीप्रमाणे सगळ्यांची चौकशी झाली, आता मी तोंड सोडायला मोकळी. इकडे सगळे ठीक, म्हणजे तुझे आजोबा सोडून. ते अजून शवागारात आहेत आणि शनिवारी त्यांना माती द्यायची आहे. अंत्यविधीला वाटायची, त्यांच्या फोटोंची आणि आठवणींची पुस्तिका गुरुवारी सकाळी छापखान्यात गेली नाही, तर शनिवारी अख्खं केटा गाव हात हलवत परत जाईल आणि म्हणेल, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेलेल्यांच्या पुस्तिका करून देणाऱ्या एन्योनामला स्वतःच्या बापाची तेवढी जमली नाही. आणि ती पुस्तिका आहे कुठे? तुझ्या त्या लॅपटॉपात.

तुझा म्हणजे तूच दिलेला. रॉटरडॅमच्या कुठल्याशा कचेरीनं टाकून दिलेला, पाठीवर त्यांचं स्टिकर तसंच, बॅटरी पेन्शनीत निघालेली. त्यात मागच्या नाताळात येऊन तू लिनक्स घातलंस. फुकट आहे, व्हायरस येत नाही आणि बिघडलं तर आपलं आपल्याला दुरुस्त करता येतं, असं छाती फुगवून सांगितलंस. तिन्ही खरं निघालं बाबा, विशेषतः तिसरं. दुसऱ्यांचं बिघडलं की ते बाजारातल्या मेकॅनिककडे टाकून घरी मक्याचं अकप्ले आणि मासळी चापत बसतात. आमचं बिघडलं की आम्ही उपाशीपोटी विद्वान होतो. बरं, बिघडलं होतं तरी काय? झाकण मिटून उघडलं की पडदा काळा राहायचा, एवढंच. माझं काही अडत नव्हतं. पण तू फोनवर विचारलंस, लॅपटॉप कसा चालतोय, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. झालं! फर्मवेअर जुनं आहे म्हणून तू जो सुरू झालास तो थांबेना. (फर्मवेअर म्हणजे लिनक्सच्याही खाली, यंत्राच्या पोटात बसलेला आणखी एक कारभारी. वरच्याला विचारावं तर तो खालच्याकडे बोट दाखवतो, आणि खालचा तर तोंडच उघडत नाही. सरकारी कचेरीतून आणला असणार.)

तर तू सांगितलास तो हुकूम मी त्या काळ्या खिडकीत टाइप केला. यंत्र म्हणालं, चार्जर लावा. लावलेलाच होता. काढून पुन्हा लावला. मग म्हणालं, सुरुवातीच्या कप्प्यात जागा नाही. का नाही? तर लिनक्स आपले जुने अवतार टाकून देत नाही, तुझी आई जसे आइस्क्रीमचे रिकामे डबे टाकत नाही तसं. ते पुसले. मग म्हणालं, बॅटरी फार कमी आहे, अपडेट धोक्याचं आहे. अरे, ती बॅटरी केट्यात उतरल्यापासून नऊ टक्क्यांच्या वर चढलेली नाही! तेव्हा तू काय सांगावंस? हुकमाच्या शेवटी 'फोर्स' लिही आत्या, मग ते गुमान ऐकतं. म्हणजे यंत्र बिचारं अक्कल वापरून नको म्हणतंय, आणि माझा शिकलेला भाचा त्याच्यावर जबरदस्ती करायला सांगतोय. धन्य तुझी! पण मीही शहाणी, लिहिलं. यंत्र बंद होऊन सुरू झालं, काळ्या पडद्यावर एक पट्टी सरकायला लागली, वर लिहिलेलं, वीज काढू नका. पट्टी निम्म्यावर आली आणि समुद्रावर ढग गडगडला.

ढग गडगडला की आपल्या घरात काय होतं, हे तिकडच्या थंडीत तू विसरला असशील. तुझी आई ताडकन उठली आणि घरभर फिरून प्लग उपटत सुटली. फ्रिज, टीव्ही, पंखा आणि माझा चार्जर. मी किंचाळले, 'वहिनी, तो नको!' ती म्हणाली, 'वीज घुसली म्हणजे रडत येशील माझ्याकडेच!' नऊ टक्के बॅटरीनं जांभईसुद्धा दिली नाही. पट्टी गेली, लॅपटॉप गेला. (दुसरी प्रत काढून ठेवली होती का, असं विचारलंस तर याद राख.)

मग तुझा नवा उपाय. चार्जर लाव, चालू करायचं बटण दाबून धर, दिवा लुकलुकेपर्यंत सोडू नकोस. मी उजवा अंगठा रोवून बसले, आणि दारात कोण? कुळप्रमुख टोग्बुई अकोर्ली, मागे सगळा गोतावळा, अंत्यविधीचं ठरवायला. त्यांनी हात पुढे केला. आता सांग, उजवा हात बटणावर, आणि कुळप्रमुखांच्या हातात डावा देऊ? बाबा शवागारातून उठून माझ्या मुस्काटात द्यायला आले असते. सोडलं बटण. हात मिळवला, सगळ्यांना पाणी दिलं, काय निरोप घेऊन आलात असं रीतीनं विचारलं, आणि कशाला आलेत हे अख्ख्या गल्लीला माहीत असताना त्यांनी तो पहिल्यापासून सांगितला. पुन्हा बटण धरते तोच उशिरा पोचलेली त्यांची बायको, पुन्हा हात. मग तिची बहीण. शेवटी तुझ्या आईलाच बसवलं. जिनं प्लग उपटला तीच आता बटण दाबून, पदरानं तोंड पुसत. दिवा लुकलुकला, पट्टी आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली की अपडेट यशस्वी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, थांबा, ज्यासाठी हा तमाशा केला ते बघू. झाकण मिटलं. उघडलं. पडदा काळाकुट्ट. टोग्बुईंनी मान हलवली, 'गेला.'

हे तुझं फर्मवेअर. चुलीत घाल.

तुझी (अजून तरी) आत्या,
एन्योनाम

ता. क. पुस्तिका शाबूत आहे. पडदा काळा राहिला की कुठलीही कळ दोनदा दाबायची, येतो, पूर्वीपासून येतो. हे पत्र त्या लॅपटॉपवरच टाइप करतेय.

आणखी ता. क. पुस्तिकेत सगळ्यांचे शब्द बसवून झाले. टोग्बुईंचं आणि बाबांचं बोलणं नव्हतं, त्यांनीसुद्धा दोन पानं दिली. नातवंडांच्या पानावर तुझा फोटो आहे आणि खाली कोरं. बाबा गेल्याचं सांगायला मी फोन केला, तेव्हा तू एवढंच विचारलंस, आत्या, लॅपटॉप कसा चालतोय? तेव्हापासून तू रोज मला फर्मवेअर समजावतोस आणि मी समजून घेते. एवढं न कळायला मी दूधखुळी नाही. तुला यायला जमत नाही, समजलं. पण लहानपणी आजोबांच्या मासळीच्या ट्रकचं बॉनेट तू उघडायला धावलास की ते ओरडायचे, 'चालतंय ना? मग उघडतोस कशाला?' आणि मग तुलाच कडेवर घेऊन इंजिन दाखवायचे. तेवढं लिही. चार ओळी पुरेत.

शेवटचं. घरात मी सांगितलंय की लॅपटॉप मेलाय, म्हणून पुस्तिका अडलीय. टोग्बुई रोज येऊन लिनक्सला शिव्या घालतात, आणि आपणच प्लग उपटला म्हणून तुझी आई धड जेवत नाही. तुझ्या नावानं मात्र कुणी एक अक्षर बोललेलं नाही. पण तुझ्या चार ओळी येवोत न येवोत, गुरुवारी सकाळी मला तो लॅपटॉप दुरुस्त करावाच लागेल.