दारू संपल्यावरचा निर्णय

घरचा अग्नी राखणाऱ्या अमितीशला, वेढ्यात अडकलेल्या नवऱ्याची मायेची आठवण.

मी बरा आहे. तुला खुपणारं माझं पोट आपोआप उतरलंय. ग्रीक पाच महिने वेशीबाहेर बसलेत.

काल शुद्धीत सगळ्यांचं ठरलं, शरण जाऊन जीव वाचवायचा. पण आपला इराणी रिवाज तुला ठाऊकच आहे. शुद्धीत ठरलेलं पिऊन पुन्हा तपासायचं, तरच ते पक्कं. आणि दारू तर महिन्यापूर्वीच संपली.

मी म्हटलं, "एवढ्या वेळेपुरतं पिणं राहू द्या."

बगदात नावाचा म्हातारा सेनापती उखडला, "सुभेदारसाहेब, न पिता निर्णय? आपण काय ग्रीक आहोत?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा लढतोय.

डाळिंबं धरली का? धाकटीचं लग्न मात्र दोन्ही वेळा विचार करून ठरवा. माझ्यासाठी थांबू नका.

तुझाच,
अर्तवर्द