शेवटच्या बाकावरची वारसदार

मी, एस्तेर गोविंद चांदेकर, वय सहासष्ट, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार सप्तापूर, धारवाड. शरीर खंगले आहे, डोके ठिकाणावर आहे. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. आवरायला मात्र बरेच जण येऊन गेले.

१. माझे कौलारू घर, परसातील विहीर व भट्टीसह, माझ्या दिवंगत भावाची मुलगी सुलभा हिला देते. हिचे आईबाप इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले. त्याच तापाने हिचे कान नेले, आणि कानांमागे वाचा. त्याआधी, तान्ही असताना, आमच्या मंडळीने हिला बाप्तिस्मा दिला होता.

हे घर मंडळीच्या पंचांना पाळकांच्या बिऱ्हाडासाठी हवे होते. "मुक्या मुलीला एवढं घर कशाला, अक्का?" असे विचारून गेले. ती त्याच घरात भांडी घासत होती.

२. परात, साचे, पिठाचा डबा हेही तिचेच. भाकर भाजायला मी कॉन्व्हेंटात शिकले. नन्सना मला कॅथलिक करणे जमले नाही, पण पीठ मळायला त्यांनी चांगले शिकवले. मी ते सुलभेला शिकवले. आमच्या मंडळीच्या प्रभुभोजनाची भाकर आता तीच भाजते. तिला मात्र ती मिळत नाही. श्रद्धेची तोंडी कबुली दिल्याशिवाय नाही, असा नियम. पूर्वी ताट जवळ आले की ती हात पुढे करी आणि ताट तिच्या डोक्यावरून पलीकडे जाई. आता हात मांडीवरच ठेवते.

गेल्या महिन्यात पाळक दत्तात्रेय सातारकर मला अंथरुणावर प्रभुभोजन द्यायला आले.

"हिलाही द्या," मी म्हटले.

"अक्का, हिची कबुली कुठे आहे?"

"बाप्तिस्म्याला कोणती दिली होती? झोपली होती ती."

"तेव्हा आईबाप बोलले."

"मग आज मी बोलते."

"नियम मी केलेला नाही, अक्का."

"मूल घरात घ्यायचं आणि ताटावर बसू द्यायचं नाही, याला काय म्हणतात?"

मी माझा तुकडा ताटात परत ठेवला. तिच्याशिवाय मरेपर्यंत घेणार नाही. मागल्या खोलीत राहणारी अंबूताई म्हणते, "होगली बिडरी, अक्का." सोडून देणे मला कधी जमले नाही, नोकरीतही नाही.

३. माझ्या वडिलांचा पाट पंचांना. वडील ख्रिस्ती झाल्यावर काकांनी लग्नाला बोलावले आणि पंगतीबाहेर, ओटीवर बसवले. जेवण झाल्यावर, पाट विटाळला म्हणून तोही बरोबर देऊन टाकला. वडील तो डोक्यावर घेऊन घरी आले. पंचांनी तो मंडळीच्या देवळात, सुलभेच्या शेवटच्या बाकापाशी ठेवावा. ओळख पटेल.

४. पोस्टातील शिल्लक अंबूताईला. माझ्या शाळेची ही शिपाईण मागल्या खोलीत हयातभर राहील व सुलभेची सोबत करील.

५. उद्या नियम बदलला तरी घर मंडळीला मिळणार नाही. माझ्या भाचीचे आसन मी विकत घेणार नाही. ते बाप्तिस्म्याच्या दिवसापासून तिचेच आहे. भाकर पुढेही भाजून द्यावी की नाही, हे सुलभेने ठरवावे. मी तिला मना करीत नाही, कोणी भागही पाडू नये.

६. मला वडिलांशेजारी पुरावे. माझ्या श्रद्धेची स्तुती कोणी करू नये.

सुलभेची सही साक्षीदार म्हणून घ्यावी, असे माझ्या मनात होते. वकील विठ्ठलराव म्हणाले, "बाई, वारसाला साक्ष देता येत नाही. तिनं काही बोलायची गरजच नाही; तिचं ते तिला मिळतं." सरकारला एवढे कळते.

शाई वाळते आहे. आज शनिवार. परसात सुलभा उद्याच्या प्रभुभोजनाचे पीठ मळते आहे.

सही: एस्तेर गोविंद चांदेकर

साक्षीदार: १. विठ्ठलराव कित्तूर, वकील
२. जयतीर्थ हुद्दार, शेजारी

धारवाड, ५ नोव्हेंबर १९३८