पाचव्या पेरावर

भाऊ, हल्ली टीव्हीवर मुलाखत घेणारा माणूस पाहुण्याला दोन शब्द धड बोलू देत नाही. आवाज चढवतो, टेबल आपटतो, आणि माझी नात कौतुकानं म्हणते, "आजी, तूही रेडिओवर अशीच होतीस ना?" मी हसून वेळ मारून नेते. मग तुमची इतकी आठवण येते की समोरचं काही ऐकूच येत नाही. अजूनही कुणाला काही विचारलं की माझा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागतो. रेडिओवर मी नवखी होते तेव्हा ते वळण तुम्हीच लावलंत. प्रश्न विचारला की बारा पेरं मोजायची, तोवर तोंड उघडायचं नाही, मग समोर मंत्री असो की गुराखी. मला ते अजिबात पटायचं नाही. पुढाऱ्यांशी कसली एवढी अदब, म्हणून मी तुमच्याशी किती भांडले असेन!

मावळात धरणाखाली जाणाऱ्या त्या गावी आपण गेलो होतो. ते अवजड रेकॉर्डिंगचं यंत्र एसटीतून उतरवून माझे हात दुखताहेत आणि तुम्ही तिथल्या एका मावशींच्या ओट्यावर बसून निवांत करवंदं खाताय. जीभ जांभळी झालीय. मी चरफडतेय, हातातला दिवस चाललाय. शेवटी यंत्र सुरू करून तुम्ही एवढंच विचारता, "मावशी, औंदा भात कुठं लावणार?" मावशी खाली शेताकडे बघतात. मी मध्ये बोलणार, तोच तुमचा अंगठा पेरांवर हलताना दिसतो. आणि मग मावशी बोलायला लागतात. "उटा म्हंत्यात, उटू की. आमी न्हाई कुटं म्हनतोय? पर जायाचं कुटं, ते कोन सांगंना. पाऊस तोंडावर आलाय. मंत्र्याला येवडं इचारा भाऊ, आमाला जिमीन कुटं देनार?" तुम्ही मान हलवलीत आणि विचारतो म्हणालात.

पुढच्याच आठवड्यात मंत्री थंड हवेसाठी लोणावळ्याला आले आणि नेमके तुम्ही तापानं आडवे झालात. मला एकटीलाच जावं लागलं. पांघरुणातून तुम्ही बजावलंत, "त्याला चोर समजून जाऊ नकोस पोरी. तो बोलला पाहिजे, तू नव्हे." मी हो म्हटलं खरं, पण डोक्यात मावशी होत्या. बंगल्याच्या व्हरांड्यात मी मंत्र्यांना सरळ विचारलं, "या लोकांना जमीन कुठं देणार?" त्यांनी मान खाली घातली. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पेरावर माझं डोकं सणकलं. "खरं सांगायचं तर, त्या जमिनी..." एवढं ते म्हणाले, तोच मी ओरडले, "म्हणजे तुमच्याकडे उत्तरच नाही!" ते माझ्याकडे बघत राहिले. "बाई, तुम्हाला उत्तर हवंय कुठं?" म्हणाले आणि उठून आत गेले. मी त्यांना परत बोलावलं नाही. माफी मागून बोलावता आलं असतं.

मुलाखत गाजली. ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढं लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मी गावी गेले तेव्हा मावशी ट्रकमध्ये भांडी चढवत होत्या. लेकीच्या सासरी निघाल्या होत्या, तेही चार दिवसांसाठी. "लय झापलंस बाय त्याला," त्या म्हणाल्या. "पर जिमिनीचं काय म्हनला?" मी म्हटलं, "काहीच बोलले नाहीत." एवढं बोलून मी तिथून पळ काढला.

तुम्हाला भेटायला आले तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होतात. ताप उतरला होता, पण एकदम म्हातारे दिसत होतात. म्हणालात, "ऐकली मी मुलाखत. मी एवढी पेरं मोजली, तरी तो माणूस तोंड उघडत नव्हता. तुझंच बरोबर पोरी. मी जन्मभर उगाच लोकांची मनं सांभाळत बसलो." त्यानंतर नवीन कुणी कामावर आलं की तुम्ही त्याला माझ्याकडे धाडायचात, हिच्याकडून शिका म्हणून. भाऊ, मला तेव्हा तुमच्या पायाशी बसून रडावंसं वाटायचं.

मंत्री बोलले होते, भाऊ. "खरं सांगायचं तर, त्या जमिनी" एवढे शब्द टेपवर स्पष्ट होते. आणि ते उठतानाचं बोलणंही. कार्यक्रम लागायच्या आधी मी ब्लेडनं तेवढी फीत कापली आणि दोन्ही टोकं चिकटवून टाकली. आधीची आणि नंतरची शांतता तेवढी ठेवली. पुढं ते काय सांगणार होते, ते मला आजही ठाऊक नाही. हे पत्र टाकायला आता पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं असतं की नाही, शंकाच आहे. कारण "तुझंच बरोबर" असं तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे बघत थांबलात, तेव्हा बाराच्या वर पेरं झाली असतील. मी तोंड उघडलं नाही.